माठावरची घंटा

अप्पा, शाळेची घंटा अजून माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलीय. राग येईल तुम्हाला, येऊ द्या. लातूरला नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो, घरात जिथं बघावं तिथं भरून ठेवलेली भांडी, आणि ही जाड पितळी तबकडी माठाच्या तोंडावर अशी चपखल बसते की मांजरानं उडी मारली तरी हलत नाही. सुतळी ओवायची दोन भोकं तशीच आहेत. सून म्हणते, "आई, किती जुनी वस्तू आहे, घासून भिंतीवर लावू या ना." मी म्हणते, हात लावू नको. तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते ती काही आठवण दाटून आली म्हणून नाही. भांडायला लिहिते. जिवंतपणी तुम्ही भांडू दिलं नाहीत. मी आवाज चढवला की तुम्ही हात-पाय धुऊन लिंगपूजेला बसायचात, आणि पूजेतल्या माणसाशी कोण भांडणार?

दुष्काळापासून सुरू करते, कारण तुमची गोष्ट नेहमी तिथूनच सुरू व्हायची. मी तिसरीत. चाकूरच्या पुढं, सडक सोडून आत आपलं गाव, दोन खोल्यांची शाळा आणि तुम्ही हेडमास्तर. विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरायचे दिवस. सगळं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला जातं, पाटलाची सून पदर पुढं ओढून जाते आणि वस्तीतल्या बायाही जातात. रेशनला तांबडी मिलो ज्वारी येते, तिच्या भाकरीला चव ना ढव. दुपारी शाळेत पोरांना सुकडी वाटतात, आणि तुम्ही सगळ्यांना एका रांगेत बसवता. पाटलाचा माणूस निरोप घेऊन येतो, गुरुजी, वस्तीची लेकरं जरा अंतरानं बसवा. तुम्ही म्हणता, "सुकडी सरकारची हाय. सरकारनं दोन रांगा धाडल्या न्हाईत." अप्पा, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझ्या शेजारी शाळा झाडणाऱ्या बाईची मुलगी बसली होती, तिची सुकडी संपली की ती माझ्याकडे बघायची आणि मी माझ्यातली चिमूटभर तिला द्यायची. तिच्या आईला मी आता मावशी म्हणून लिहिणार आहे. तेव्हा आपल्या घरात कुणी तिला मावशी म्हणत नव्हतं. शाळेत एक रांग, आणि आपल्या ओसरीवर ती पाणी मागायला आली की आई तिच्या ओंजळीत वरून धार धरायची. तुम्ही ते बघायचात, चष्मा पुसायचात. आता तिला मावशी म्हणायला मला काही मोल पडत नाही, फुकटचं आहे.

घंटा घरी यायला लागली तीही दुष्काळातच. लोक घरची पितळेची भांडी मोडीत घालायला लागले, आणि तुम्हाला वाटलं, उद्या कुणी घंटाही नेईल. मग रोज शाळा सुटली की तुम्ही ती काढायचात, सुतळी बोटात अडकवून घरी आणायचात आणि माजघरातल्या खुंटीला लावायचात. मावशी मागे शाळेला कुलूप घालून किल्ली तुमच्या हातात द्यायची. आणि गावचा एक कायदा होता, कुठं लिहिलेला नव्हता, पण पाटलापासून लेकरापर्यंत सगळे पाळायचे. शाळेच्या वेळेबाहेर घंटा वाजली की हातातलं टाकून पळत यायचं. विहिरीत कुणी पडलं, आग लागली, लांडगा आला, काहीही असो. दोन मैलांवरच्या शेतात तिचा आवाज जायचा. त्या वर्षी पाटलाची कडब्याची गंजी पेटली तेव्हा घंटा तुम्हीच बडवलीत, हाताला फोड येईपर्यंत. आणि सगळ्यात आधी कोण आलं? वस्ती आली. त्याच दुपारी टँकर येऊन गेला होता, बाया तीन तास उन्हात उभ्या राहून एकेक घागर घेऊन घरी गेल्या होत्या. त्या घागरी त्यांनी पाटलाच्या कडब्यावर ओतल्या. मावशीनं दोन ओतल्या, एक तिची आणि एक सासूची. सासू वाटेवर बसून ओरडत होती, "वत, वत, माझी बी वत!" तिचे पाय तेव्हाच गेले होते, ती बसूनच सरकायची.

ही गोष्ट तुम्ही पुढं दरवर्षी पोरांना सांगितलीत. सांगताना तुमचा गळा भरून यायचा. खरंच यायचा, मी नाटक म्हणत नाही. पण नंतर आणीबाणी आली, वरून हुकूम आला की प्रत्येक मास्तरानं नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं आणायची, नाहीतर नोकरीवर गदा. तेव्हा तुम्ही पाटलाकडं गेला नाहीत, आपल्या भावकीकडं गेला नाहीत. वस्तीत गेलात. मावशीचा नवरा म्हणाला, "गुरुजी, तुमची नोकरी ऱ्हात असंल तर चला, हाय काय त्यात." पस्तिशीही नव्हती त्याची. तुम्ही त्याला सायकलवर मागं बसवून चाकूरला नेलंत आणि संध्याकाळी आणून सोडलंत. तुमची नोकरी राहिली. हे मी मोठी झाल्यावर आईकडून ऐकलं, तुम्ही ही गोष्ट पोरांना कधी सांगितली नाहीत.

आता त्या दिवसाकडे येते. तुम्ही असतात तर आता पेपर उघडला असतात. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपल्या गावातल्या निम्म्या लोकांना विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे सांगता आलं नसतं, पण नाव बदलू द्यायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी नववीत. चाकूरची माझी शाळा बंद, तुमचीही बंद, आई माहेरी उदगीरला गेलेली, घरात आपण दोघंच. सकाळी चार पोरं आली. बाहेरची नव्हती ती, तुम्हीच त्यांना पाढे शिकवले होते. ओसरीखाली चपला काढल्या, एकेकानं वाकून तुमच्या पायाला हात लावला. मग त्यातला मोठा म्हणाला, "गुरुजी, आज घंटा वाजली न्हाई पायजे बरं का." तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. दुष्काळात पाटलाला उत्तर देणारे माझे अप्पा, तुम्ही म्हणालात, "बसा, चहा घ्या." मी चहा केला. ती पोरं फुर्र फुर्र करत चहा प्याली, एक जण म्हणाला, "ताई, साखर लई झाली." कप मीच उचलले.

दुपारी मावशी आली. वस्तीतले बाप्ये-बाया सगळे खुरपणीला दूरच्या शेतांत गेलेले, घरात म्हातारी माणसं आणि लेकरं. ती कशी मागे राहिली होती कोण जाणे, सासूला ताप होता म्हणतात. ती धावत आली, डोक्यावर पदर नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या ओसरीवर चढून थेट दाराशी आली. "गुरुजी, घंटा द्या ओ! वस्ती पेटवूलालेत! सासू आत हाय, मला एकटीला उचलना ती!" तुम्ही उठलात. माजघरात गेलात, क्षणभर थांबलात, आणि हात हलवत परत दाराशी आलात. म्हणालात, "घंटा शाळेत राहिली." ती म्हणाली, "न्हाई ओ गुरुजी, काल तुमी घेऊन आलाव की. म्या कुलूप लावलं की ओ!" तुम्ही कोनाड्यातली किल्ली काढलीत आणि तिच्या हातावर ठेवलीत. "शाळेतच हाय. जा, बघ." आणि ती गेली, अप्पा. तिला ठाऊक होतं की घंटा घरात आहे, तरी गुरुजी म्हणतात म्हणून ती गेली. शाळा वस्तीच्या उलट्या टोकाला. तिनं कुलूप उघडलं, टेबलाचे खण उपसले, तुमचं कपाट उपसलं, पोरांच्या बसकरपट्ट्या उलट्या केल्या. घंटा आपल्या घरात वाकळांच्या ढिगात होती. शेतातल्या लोकांना धूर दिसला तेव्हा ते आले, पण धूर दिसायला वेळ लागतो. मावशीच्या सासूला बाजेवर घालून अहमदपूरच्या दवाखान्यात नेलं. ती तिसऱ्या दिवशी गेली.

इथपर्यंत भीती म्हणता येईल. मी स्वतःला हजारदा समजावलं, माणूस घाबरतो, घरात वयात आलेली पोरगी आहे, चार पोरं सकाळी दम देऊन गेलीत. पण नंतर काय होतं? पोलीस आले, पंचनामा झाला. फौजदारानं विचारलं, तुमच्या गावात घंटेची पद्धत आहे म्हणतात, मग घंटा का वाजली नाही? तुम्ही तुमच्या त्या सुंदर अक्षरात लिहून दिलंत की शाळेची घंटा चोरीस गेली आहे. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला, किल्ली कुणाकडं होती? त्याचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागलं नाही, गावानं दिलं. किल्ली तिच्याकडंच होती, कपाटं उपसताना तिला बघितलंय, मोडीत घातली असंल. घर जळालेल्या बाईवर पितळ चोरल्याचा आळ आला, आणि तुम्ही तिथं उभे होतात, चष्मा पुसत. एक "न्हाई" म्हणायचं होतं. दोन अक्षरं, अप्पा! तुम्ही उभ्या तालुक्याला अक्षरं शिकवलीत. मावशीचं शाळेचं काम सुटलं. महिन्याभरात ते सगळे गाव सोडून लातूरला गेले. शाळेनं झाडाला रुळाचा तुकडा टांगला, आणि खरी घंटा आपल्या ट्रंकेत आईच्या लग्नातल्या शालूखाली गेली. आईनं ती बघितली, झाकण लावलं आणि भाकऱ्या थापायला बसली.

मग नवा जिल्हा झाला. त्या दिवशी लातुरात काय गर्दी होती! गुलाल, हलग्या, फटाके, ट्रकच्या ट्रक माणसं. तुम्ही खुशीत होतात. प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादच्या चकरा मारून तुमचे जोडे झिजले होते, आणि नव्या जिल्ह्यात नव्या खुर्च्या निघणार, त्यातली एक तुमची, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. मी कॉलेजात होते, तुमच्या सोबत चालत होते. रस्त्याच्या कडेला एका सरकारी इमारतीचं बांधकाम चाललं होतं, बाया डोक्यावर घमेली घेऊन फळीवरून चढत होत्या. त्यातली एक खाली उतरली, घमेलं ठेवलं, हात पदराला पुसले आणि तुमच्या समोर आली. मी ओळखलं नाही, तुम्ही ओळखलंत. मावशी रागात नव्हती. शाळा झाडून झाल्यावर किल्ली देताना बोलायची तशाच आवाजात म्हणाली, "गुरुजी, घंटा घावली का ओ?" तुमच्या कपाळावर गुलाल होता. तुम्ही म्हणालात, "न्हाई, बाई." ती म्हणाली, "घावंल. जाती कुठं." मग तिनं माझ्याकडे बघितलं, चांगलं बघितलं, आणि घमेलं उचलून वर गेली. तुम्ही मला म्हणालात, चल, उशीर होतोय. कशाला उशीर होत होता ते मला अजून कळलेलं नाही.

खुर्ची मिळाली तुम्हाला. विस्तार अधिकारी झालात, जीप आली, लातुरात घर झालं. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, हार, आणि तुम्ही भाषणात काय सांगितलंत? कडब्याची गंजी. वस्तीच्या बायांनी तोंडचं पाणी ओतलं, अशी आपली माणसं होती, असा आपला मराठवाडा होता. लोक डोळे पुसत होते. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला उठून ओरडावंसं वाटत होतं, पुढचं सांगा की! पुढचं का सांगत नाही? पण मीही टाळ्या वाजवल्या. शेवटच्या आजारपणात ट्रंकेकडे बघत तुम्ही एकदाच विचारलंत, "ती कुठंय?" मी म्हटलं, "हाय." तुम्ही म्हणालात, "असू दे." तेवढंच. तुम्हाला आपल्यातल्या रीतीप्रमाणे बसवून, विभूती लावून, हातात लिंग देऊन मातीत ठेवलं. आपल्यात जाळत नाहीत. त्या वेळी मला मावशीची सासू आठवली, आणि तुमच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते.

तुम्ही गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, घंटेवर उठले, घंटेवर बसले. माझ्या वर्गात पोरं आपोआप आपापल्या आडनावांच्या घोळक्यात बसायची आणि मी त्यांना उठवून एका रांगेत बसवायची, तुमच्यासारखी. त्याच्या पुढं जाऊन काही केलं असं आठवत नाही. आता पोरांच्या मनगटावर रंगीत धागे असतात, बघितल्याबरोबर जात कळते, विचारायचीही गरज राहिली नाही. नाव द्यायचं ते विद्यापीठाला पुढं दिलं, सगळे गप्प बसले, जणू काही झालंच नव्हतं.

मागच्या महिन्यात अहमदपूरला एका लग्नात मावशीची मुलगी भेटली. पांढरे केस, नांदेडला नर्स होती, आता निवृत्त. तिनं मला लांबूनच ओळखलं, मीच आधी मान वळवली. पण पंगतीत ती माझ्या शेजारी येऊन बसली, मुद्दाम बसली की काय, माहीत नाही. मी विचारलं, आई कशा आहेत? म्हणाली, "हाय जिवंत. मानसं वळखत न्हाई आता, मला बी कवा कवा बाई म्हनती. घरी कुणी बी आलं की एकच इचारती, घंटा घावली का. म्या म्हनते, घावली, आई, तुझ्यावरचा आळ गेला. मंग झोपती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच." आणि तिनं तिच्या पानातली जिलेबी उचलून माझ्या पानात ठेवली, "खा, मला शुगर हाय." निघताना तिनं लग्नाच्या पत्रिकेमागं नांदेडचा पत्ता लिहून दिला. मी मागितला नव्हता.

गेल्या सोमवारी मी माठावरची घंटा उतरवली, घासली, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि नांदेडच्या एसटीत बसले. गाडी खड्ड्यातून गेली की ती सीटच्या दांड्याला लागून वाजायची. कंडक्टर म्हणाला, "काय हाय ओ मावशी पिशवीत?" मी म्हटलं, माठाचं झाकण. अहमदपूरला उतरले, अर्धा तास स्टँडवर बसले आणि परतीच्या गाडीनं घरी आले. घंटा पुन्हा माठावर ठेवली. तिथं जाऊन काय बोलायचं ते माझं ठरलेलं होतं. घंटा आमच्याच घरात होती, अप्पांनी लपवली होती, माफ करा. एवढंच. त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला असता, तुम्ही काही उठून नाही म्हणायला येणार नव्हतात. पण गाडीत तेच वाक्य घोळवत बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ते पितळ आवाज करत होतं, आणि माझ्यानं पुढं जाववलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या सकाळी कप उचलून आत आले तेव्हा खुंटीवरून घंटा मी काढली होती. तुम्ही सांगितलं नव्हतंत. मी ती वाकळांच्या ढिगात खाली सारली, वरून उशा ठेवल्या. चौदा वर्षांची होते, मला त्या पोरांची भीती वाटली, आपलं घर जळेल असं वाटलं. दुपारी मावशी ओरडत आली आणि तुम्ही माजघरात आलात, तेव्हा तुमचा हात सरळ खुंटीकडं गेला होता, अप्पा. खुंटी रिकामी होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी खाली बघितलं. एक शब्द विचारायचा होतात, विचारला नाहीत, आणि मीही सांगितला नाही. मग तुम्ही दाराकडं गेलात आणि शाळेत राहिली म्हणालात. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही मला त्याबद्दल एका अक्षरानं बोलला नाहीत. आणि मी मात्र आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, सुनेलाही सांगितलं, की मावशी दारात उभी होती आणि अप्पांनी घंटा दिली नाही.